आईच्या नावाचं रक्त

केमोच्या सुया शांताबाईंनी हूं की चूं न करता सोसल्या होत्या. शिरा सापडेनाशा झाल्या, हात काळेनिळे पडले, तरी नर्सलाच त्या धीर देत, "आराम से ढूँढ बेटा, मिल जाएगी." त्याच शांताबाई, लेकीसाठी चमचाभर रक्त द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "मले सुईचं भेव वाटते."

मंजिरीला आधी हसू आलं आणि मग राग आला.

तिचं काही अवाजवी मागणं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी शांताबाईंच्या छातीत गाठ निघाली. त्यांची आई त्याच दुखण्यानं गेली होती आणि थोरली बहीणही. ऑपरेशन झालं, शांताबाई वाचल्या, पण मंजिरीच्या मनात तेव्हापासून जी पाल चुकचुकायला लागली ती थांबली नाही. आजी, मावशी, आई. पुढचा नंबर कोणाचा हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? आंघोळ करताना तिचा हात आपोआप छातीकडे जाई आणि काहीतरी शोधत राही. बारा वर्षांची लेक शर्मिष्ठा वेणी घालून घ्यायला पुढ्यात बसली, की तिच्या निवांत पाठीकडे पाहत मंजिरी घातलेली वेणी सोडून पुन्हा घाली.

शेवटी तिनं रायपूरच्या शंकर नगरातल्या एका लॅबमधून जनुकांची तपासणी करून घेतली. हो तर हो, नाही तर नाही, एकदाचं काय ते कळू दे. पण रिपोर्ट आला तो हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. एका जनुकात बदल सापडला आहे आणि त्याचा अर्थ अनिश्चित आहे, एवढंच त्यात होतं.

"ही तर तुझ्या मंत्रालयातली फाईल झाली," तिचा नवरा निरंजन म्हणाला. तो सिलतऱ्याच्या कारखान्यात शिफ्टवर जाई आणि घरी आला की त्याच्या शर्टाला लोखंडाच्या धुळीचा वास येई. "मंजूर नाही, नामंजूर नाही. विचाराधीन."

मंजिरी रोज ऑफिसच्या बसनं नव्या रायपूरच्या मंत्रालयात जात होती आणि विचाराधीन फायली तिनं खूप पाहिल्या होत्या. पण त्यातली एकही तिच्या स्वतःच्या अंगात नव्हती.

आनुवंशिक आजारांच्या सल्लागार डॉ. पद्मिनी महिन्यातून एकदा नागपूरहून रायपूरला येत. त्यांनी कागदावर घराण्याचं झाड काढलं. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, आणि ज्यांना आजार झाला त्यांचे गोल काळे. शांताबाई लेकीच्या शेजारी बसून एकेक नाव सांगत होत्या. आई, कितव्या वर्षी गेली; बहीण, कितव्या वर्षी. पद्मिनीबाई गोल रंगवत गेल्या. सगळ्यात खाली मंजिरीचा गोल कोरा होता आणि त्याच्याहीखाली शर्मिष्ठाचा, इवलासा.

"नुसत्या ह्या रिपोर्टवर काही करायचं नाही," पद्मिनीबाई म्हणाल्या. "असे बदल पुष्कळांत सापडतात, आणि बरेचसे पुढे निरुपद्रवी ठरतात. पण तुमच्या घरचा इतिहास जड आहे. खरं म्हणजे आधी आईंची तपासणी व्हायला हवी होती, आजार त्यांना झालाय. आता त्यांचं रक्त द्या. हाच बदल त्यांच्यात नसेल तर त्याचा ह्या घरच्या आजाराशी संबंध नाही, एवढं तरी कळेल."

"आणि असला तर?"

"तर त्याच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागेल."

शांताबाई तेव्हा खिडकीबाहेर पाहत होत्या.

मग घरी बहाणे सुरू झाले; बाबा गेल्यापासून शांताबाई लेकीकडेच राहत होत्या. आज एकादशी आहे. आज अशक्तपणा वाटून राहिला. माह्यात रक्तच कुठं आहे, त्या केमोनं सगळं जाळून टाकलं. आणि सगळ्यात शेवटी सुईचं भेव. आईनं आपल्यासाठी काय नाही केलं? तात्यापाऱ्यातल्या दोन खोल्यांत राहून, बाबांच्या रेल्वेतल्या कारकुनी पगारात भागवून आपल्याला शिकवलं. आणि आता ही थेंबभर रक्ताला नाही म्हणते? मंजिरीला कळेना. जवळच्या माणसाचं काही कळेनासं झालं की माणूस वाईटातलं वाईट धरून चालतो. तिनं धरलं की म्हातारीला आपलं दुखणं लेकीत उतरल्याचं पाप डोक्यावर नको आहे.

"ठीक आहे," एका सकाळी ती डबा भरता भरता म्हणाली. "नको देऊ. दिवाळी झाली की मी दोन्ही काढून टाकते. सर्जनशी बोलली आहे मी. रोज मरण्यापेक्षा एकदाचं कापलेलं बरं."

"काय काढून टाकते?"

"काय म्हणजे? तुझं एक काढलं ना, तसे माझे दोन."

मंजिरी बससाठी निघून गेली. संध्याकाळी ती परतली तेव्हा त्या उंबऱ्याशीच उभ्या होत्या. "बोलाव त्या रक्तवाल्या पोट्ट्याले. पण घरी बोलाव. आणि गुरुवारी. मले तिकडं जायचा दम नाही."

बुधवारी कुसुमआत्या तिरोड्याहून गाडीनं आली. सोबत चिन्नोर तांदळाची पिशवी आणि जवसाची चटणी. कुसुम म्हणजे मंजिरीच्या बाबांची, नरहरींची, धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली, पण काटक. अजून विहिरीचं पाणी शेंदणारी. मंजिरीचं आणि तिचं कधी फारसं जमलं नाही. आत्या एकटक बघत राहायची, हे मंजिरीला लहानपणापासून खुपायचं. ताटात काय वाढलंय, हातात बांगड्या कोणत्या, केस किती गळले, सगळं तिच्या डोळ्यांतून जायचं. बोलायची मात्र कमी.

"अचानक काहून आली आत्या?" मंजिरीनं आईला विचारलं.

"वहिनी जिथं, तिथं माहेर तिचं. याले काय मुहूर्त लागते?"

गुरुवारी मंजिरी ऑफिसला, निरंजन सिलतऱ्याला आणि शर्मिष्ठा शाळेत. संध्याकाळी मंजिरीनं विचारलं, "दिलं का रक्त?"

"गेला घेऊन," शांताबाई म्हणाल्या. "चांगला पोट्टा होता. दुखलंबी नाही."

त्या रात्री आत्यानं सगळ्यांना डाव्या हातानं वरण वाढलं. शर्मिष्ठा हसली, "आजी, आप लेफ्टी हो क्या?" आत्या म्हणाली, "हव. म्हातारपणी झाली." दुसऱ्या दिवशी ती परत गेली. जाताना मंजिरीनं वाकून नमस्कार केला तेव्हा तिनं नेहमीसारखेच पाय मागे ओढले.

रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. आला तेव्हा पद्मिनीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "आईंच्यात आहे हा बदल. तोच. म्हणजे आता तो आजारी माणसात सापडला. एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, मंजिरीताई, हे मी परत परत सांगते. पण पारडं जरा त्या बाजूला झुकलं, हेही खरं."

मंजिरीला त्यातलं पारडंच तेवढं ऐकू आलं. तिथून ती थेट सर्जनकडे गेली. घराचा सगळा इतिहास बघून ते म्हणाले, तुमचा निर्णय पक्का असेल तर विचार करता येईल. दिवाळीनंतरची तारीख घेऊनच ती घरी आली.

शांताबाई माठाची लाल भाजी निवडत होत्या.

"तुह्यात आहे ते, आई," मंजिरी चपला न काढताच म्हणाली. "तेच. जसंच्या तसं. तारीख घेऊन आली मी."

शांताबाईंचा हात देठावर थांबला. "असं कसं होईन? मशीन चुकली असन त्याइची."

"मशीन चुकत नाही."

"चुकते. तिले कुठं काय झालं? सत्तरी पार केली तिनं, एक गोळी नाही खाल्ली कधी."

"कोणी?"

शांताबाई बोलून गेल्या होत्या आणि आता बोललेलं गिळता येत नव्हतं. त्यांनी भाजीची परात बाजूला सारली. बोटं लाल झाली होती, ती पदराला पुसली. "कुसुमनं," त्या म्हणाल्या. "रक्त तिचं होतं."

मंजिरीला आधी वाटलं, म्हातारी भ्रमिष्टासारखं बोलतेय. "आत्याचं रक्त तुह्या नावानं? काहून? डॉक्टरनं आईचं रक्त मागितलं होतं, आत्याचं काय करायचं?"

शांताबाईंनी पुसलेली बोटं पुन्हा पदराला पुसली. अशा वेळी माणसाला सगळं एकदम कळतं असं म्हणतात. पण मंजिरीला काही एकदम कळलं नाही. ती आणखी दोन-तीन प्रश्न विचारत राहिली, मूर्खासारखे, जणू प्रश्न संपेपर्यंत उत्तर अडवून धरता येणार होतं.

गोष्ट छोटी होती. शांताबाईंच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. कुसुमला चार मुली, आणि पाचवीही मुलगीच झाली. सासू बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकेना. नरहरी तिरोड्याला गेले आणि येताना पोर घेऊन आले. असं घराघरांत चालायचं. भावाच्या ओटीत बहिणीचं मूल. दूध पाजायला म्हणून कुसुमही काही महिने तात्यापाऱ्यात राहिली. शेजारपाजारी सांगितलं की बाळंतपण शांताच्या माहेरी झालं. आणि बारशाला, रीतीप्रमाणे, नाव आत्यानं ठेवलं. कुसुमनं पाळण्यात वाकून कानात कुर्र केलं आणि बायांनी तिच्या पाठीत बुक्के घातले. ती रडायला लागली तेव्हा सगळ्या हसल्या, अगं, इतके का जोरात लागले?

"बाबांना माहीत होतं," मंजिरी म्हणाली.

"त्याइनंच त आणलं तुले."

"तिकडच्या सगळ्यांना?"

"तिकडच्याइले माहीत आहे. पण शपथ घातली होती."

म्हणजे लग्नकार्यांत आतेबहिणी म्हणून ज्या चौघी तिला साड्या दाखवायच्या, 'रायपूरवाली आली' म्हणून चिडवायच्या, त्यांनाही ठाऊक होतं. मंजिरीच्या रिपोर्टची बातमी तिकडे गेली तेव्हा त्यातल्या एकीनं फोन करून धीर दिला होता, "देवावर हवाला ठेव गं." धीर द्यायला सगळे होते. एक वाक्य बोलायला मात्र कोणी नव्हतं.

"मी कापून घ्यायला निघाली होती, आई," ती म्हणाली. आवाज चढला नाही, हे तिलाच विचित्र वाटलं. "तीन वर्षं आंघोळ करताना मी गाठ शोधून राहिली. पोरीकडं पाहून रडली. तू बाजूलाच होती."

"म्हणून त तिचं रक्त देलं!" शांताबाई कळवळून म्हणाल्या. "निरोगी बाई आहे ते. मले वाटलं, तिचं चांगलं रक्त गेलं की चांगलाच रिपोर्ट येईन. तुह्या जिवाचा घोर जाईन. मले काय माहीत की हे असं उलटं पडन?"

"माझ्या जिवाचा घोर एका बोलण्यानं गेला असता."

"हव."

"मग काहून नाही बोलली?"

शांताबाईंनी परातीतलं एक देठ उचललं आणि परत ठेवलं. मग जे म्हणाल्या ते मंजिरीला नंतर कितीदा तरी आठवत राहिलं, आणि दर वेळी नव्यानं टोचत राहिलं.

"त्या नागपूरवालीनं झाड काढलं ना. तू म्हणाली, माह्या आजीले, माह्या मावशीले, माह्या आईले. गोल गोल, सगळे एका रेषेत. आणि खाली तू. मले," त्या थांबल्या, "मले बरं वाटलं पोट्टे."

मंजिरी लहान होती तेव्हापासून शांताबाई असंच करत आल्या होत्या. हिचे केस माझ्यासारखे. हिला आंबट आवडते, मलाही. हिचं डोकं दुखते ना, माह्याच वळणावर गेली. पाहुणे म्हणत, खाण तशी माती, आणि शांताबाईंचा चेहरा उजळायचा. मंजिरीनं त्या सगळ्यावर विश्वास ठेवला होता. केसांवर ठेवला, आंबटावर ठेवला, तसाच दुखण्यावरही.

ती उठून बाल्कनीत गेली आणि तिरोड्याला फोन लावला.

"आत्या, मी मंजिरी."

पलीकडे भांडी घासायचा आवाज थांबला. मग, "वहिनीनं सांगतलं का?"

"हव."

"जेवली का तू?"

मंजिरीनं फोन ठेवून दिला. लहानपणापासून आत्या प्रत्येक फोनवर पहिलं हेच विचारायची, आणि मंजिरी प्रत्येक वेळी कंटाळून 'हो गं' म्हणायची.

पुढच्या महिन्यात डॉ. पद्मिनी आल्या. मंजिरीनं सांगितलेलं सगळं ऐकून त्या आधी भडकल्या. दुसऱ्याचं रक्त? ओळख न पाहता? मग त्यांनी नवा कागद घेतला. ह्या झाडात आजी वेगळी होती, चार बहिणी होत्या, आणि कोणाचाच गोल काळा नव्हता. मावशीही कोणी नव्हती. शांताबाईंना त्या कागदावर कुठे जागाच नव्हती.

"अहो, ही आनंदाची बातमी आहे," पद्मिनीबाई म्हणाल्या. "तो बदल अजूनही अनिश्चितच आहे, त्याचा खरा अर्थ कधीतरी कळेल, कदाचित नाहीही. पण तुम्हाला तो जिच्याकडून आला ती सत्तरीची बाई धडधाकट आहे. आणि ज्या इतिहासाला आपण भीत होतो, तो तुमचा नाहीच. ऑपरेशनचा विषय संपला. तुमच्या मुलीचाही."

"म्हणजे मी आता घाबरायचं की नाही?"

"चारचौघींइतकंच. वयाप्रमाणे तपासण्या करत राहा."

तारीख रद्द झाली. निरंजननं सिलतऱ्याहून येताना जलेबी आणली. त्यानं मनापासून आणली होती, म्हणून तिनं एक तुकडा खाल्ला. नाचायचे दिवस होते आणि तिला पाय उचलवत नव्हते. भीती गेली होती, पण तिच्या जागी काही आलं नव्हतं. आंघोळीत हात अजूनही छातीकडे जाई आणि आपण काय शोधतोय हे न कळून थबके. कधीकधी तर तिला जुन्या भीतीचीच आठवण येई. निदान ती तरी आपली आहे, असं तीन वर्षं वाटत आलं होतं.

घरात बोलणं कामापुरतं राहिलं. शांताबाई तिच्यासाठी आंबट वरण करून ठेवत. मंजिरी ते खाई, पण बरं झालंय म्हणत नसे. एकदा शर्मिष्ठानं विचारलं, "मम्मी, नानी से कट्टी है क्या?" तेव्हा दोघीही एकदम म्हणाल्या, "नाही."

डिसेंबरात शांताबाईंची सहामाही तपासणी आली. मंजिरीनं रजा टाकली, रिक्षा बोलावली. रस्ताभर दोघी दोन बाजूंना बघत होत्या. हॉस्पिटलात नेहमीची गर्दी. काउंटरवर नवी मुलगी होती.

"मरीज़ का नाम?"

"शांताबाई देशकर."

"आप मरीज़ की कौन?"

तीन वर्षं हा प्रश्न दर सहा महिन्यांनी कोणीतरी विचारत आलं होतं, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत मंजिरीचं 'बेटी' हे उत्तर गेलेलं असे. आज मागे रांग खोळंबली. शांताबाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या, काठी धरून, मान जरा पुढे काढून. त्यांना आताशा एका कानानं कमी ऐकू येई. पण हे त्यांना ऐकायचं होतं.

"साथ में हूँ," मंजिरी म्हणाली.

मुलीनं काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं.

आतून हाक आली. तपासणीला जाण्याआधी शांताबाई नेहमी चष्मा आणि पाटल्या रुमालात बांधून मंजिरीच्या हातात देत आणि म्हणत, "सांभाळ पोट्टे." आजही त्यांनी गाठोडं बांधलं, हात पुढे केला आणि काही न बोलता तसाच धरून राहिल्या.

मंजिरीनं बाकाकडे बोट दाखवलं. "ठेव तिथं."

शांताबाईंनी ठेवलं आणि भिंतीला धरत आत गेल्या. गाठोडं बाकावर पडून होतं. एक बाई येऊन तिथं बसायला लागली तेव्हा मंजिरी म्हणाली, "यहाँ कोई है," आणि हात न लावता, गाठोड्याच्या जरा जवळ सरकून बसली.